मामींची मंगळागौर एफएमवर

चंदिगडच्या आठवणी म्हटल्यावर तुम्ही आता सरसावून बसला असाल. येऊ दे तळं, येऊ दे गुलाबांची बाग, थंडीतलं धुकं, आणि मग समोरच्या बाल्कनीत केस वाळवत उभी असलेली एखादी पंजाबी मुलगी. बाल्कनी होती, पण आमचीच. तिच्यात मामांचे लेंगे वाळायचे. मुलगी नव्हती. तेव्हा ज्यांना तसलं काही पाहिजे त्यांनी इथंच उतरून घ्या, कारण ही गाडी फक्त वरच्या खोलीतल्या कॉम्प्युटरपासून खालच्या हॉलमधल्या स्टिरिओपर्यंत जाते. मधे एक जिना आहे. बास.

मी मूळचा मंगळवेढ्याचा. तिथल्या शाळेत मी एकाच विषयात पहिला यायचो, नकला. एकदा हेडमास्तरांच्या आवाजात व्हरांड्यातून ‘चला, शाळा सुटली’ म्हणालो तर दोन वर्ग खरोखर घरी गेले. बी.एस्सी. कशीबशी उरकल्यावर घरच्यांनी ठरवलं की हा इथं राहिला तर गाव बिघडवेल. म्हणून कॉम्प्युटर दुरुस्तीचा कोर्स करायला मला मामांकडं चंदिगडला पाठवलं. मामा केंद्र सरकारच्या नोकरीत. आज नागपूर, उद्या भोपाळ, परवा चंदिगड. सेक्टर बावीसमध्ये त्यांचं सरकारी क्वार्टर होतं, खाली हॉल आणि स्वयंपाकघर, वर दोन खोल्या. घरात मामा, मामी आणि त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी. तिला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर हिंदीत यायचं. मी तिला ‘ताई’ म्हटलं की ती म्हणायची, “यार भैया, मैं छोटी हूँ आपसे.”

हॉलमध्ये मामांचा स्टिरिओ होता. बाजार उघडला आणि दुकानांत एकदम परदेशी मालाची रांग लागली, तेव्हा मामांनी आयुष्यातली पहिली आणि शेवटची चैन केली ती ही. गुडघ्याएवढे दोन स्पीकर, रेडिओ, दोन कॅसेटी लावायची सोय, आणि आवाज वाढला की नाचणारे हिरवे दिवे. रविवारी मामा त्याला मऊ फडक्यानं पुसायचे. आम्हाला कुणी असं पुसलं नाही कधी.

आता मामींची कॅसेट. मामींचं माहेर वाईचं. लग्न होऊन त्या पहिल्यांदा लांब निघाल्या तेव्हा त्यांच्या बहिणी आणि मावश्या टेपरेकॉर्डर मधे ठेवून बसल्या आणि मंगळागौरीची सगळी गाणी एका कॅसेटवर म्हणून दिली. मधे कुणीतरी शिंकलंय, कुणीतरी ‘अगं दूध बघ’ म्हणालंय, ते पण आहे. प्रत्येक बदलीत ही कॅसेट मामींच्या पर्समधून गेली, ट्रकमधून नाही.

आणि तिची गरज खरीच होती. चंदिगडच्या आमच्या महाराष्ट्र मंडळात एक बाई नागपूरची, एक रत्नागिरीची, एक लातूरची. प्रत्येकीचं गाणं वेगळं, चाल वेगळी, आणि दुसरं कडवं कुणालाच येत नाही. म्हणून पद्धतच पडली होती: श्रावणातल्या मंगळवारी मंडळातल्या नव्या नवरीची मंगळागौर मामींच्या हॉलमध्ये, आणि म्हणणारी मुख्य बाई म्हणजे ही कॅसेट. बाकीच्या मागनं ओढत म्हणायच्या. जागरणसुद्धा दुपारी तीनला व्हायचं, कारण संध्याकाळी सगळ्यांना घरी जाऊन पोळ्या लाटायच्या असायच्या.

तर स्टिरिओनं ही कॅसेट खाल्ली. चघळून, दोरा दोरा करून खाल्ली. त्याआधी थोडेच दिवस मामांच्या मुलीनं मैत्रिणीचा टेप आणून ती सगळी गाणी कॉम्प्युटरमध्ये भरून घेतली होती म्हणून वाचलो. पण आता गाणी वर आणि स्पीकर खाली. स्टिरिओला सीडीची सोय नाही, कॅसेट दिली तर खाणार. धड चालत होता तो फक्त रेडिओ.

एरवी मामी म्हणाल्या असत्या, जाऊ दे, यंदा तोंडानं म्हणू. पण यंदाची नवरी वेगळी होती. मोठ्या दवाखान्यात नोकरीला लागलेल्या एका मराठी डॉक्टरची बायको. वैशाखात लग्न, लगेच चंदिगड. पोरगी गोड होती, नवऱ्याबरोबर इथं रमायला लागली होती. आणि पुण्याहून सासूबाईंचा फोन आला: “तिकडं कसली मंगळागौर होणार? पहिलं वर्ष आहे. मी येते, बघते, आणि नीट काही होत नसेल तर हिला घेऊन जाते दिवाळीपर्यंत. सण तरी रीतसर होतील.”

पोरगी मामींच्या स्वयंपाकघरात येऊन रडली. “मामी, मला नाही जायचं हो. दिवाळीपर्यंत म्हणजे केवढं.”

मामींनी तिच्या हातात लाटणं दिलं आणि म्हणाल्या, “रडत रडत लाट, पण गोल लाट. बाकी मी बघते.” मग माझ्याकडं वळल्या. “कोर्स करतोयस ना? वरचं गाणं खाली आण.”

मामांनी पाकीट उघडलं ते असं, जणू आत पाखरू आहे आणि भुर्रकन उडून जाईल.

पहिला विचार कुणालाही येईल तो मला आला: कॉम्प्युटरच खाली आणू. मामा एकदम ताठ झाले. मागच्या बदलीत तो हलवला आणि उघडलाच नाही, तेव्हापासून घरात नियम होता, मूर्ती एकदा बसवली की हलवायची नाही. कॉम्प्युटरचे स्वतःचे स्पीकर होते, पण ते काडेपेटीएवढे. वीस बाया फुगडी घालायला लागल्यावर त्यांचा आवाज त्यांनाच ऐकू आला नसता. मग वायर. जिन्यावरून लांब वायर सोडली तर स्टिरिओतून गाण्याच्या आधी घुंईऽऽ असा भुंगा यायला लागला. शिवाय मामी म्हणाल्या, “नऊवारी नेसलेली एक जरी बाई त्यात अडकली ना, तर गाणं राहू दे, डॉक्टरच बोलवावा लागेल.”

मी बाजारात निघालो. आधी एका चकाचक शोरूममध्ये गेलो. टाय लावलेल्या पोरानं मला एक पांढरी डबी दाखवली. कॉम्प्युटरमधलं गाणं हवेतून येतं आणि स्टिरिओत वाजतं, एकदम साफ. किंमत ऐकली. तेवढ्यात जुनी स्कूटर आली असती, तिच्यावर बसून मीच वाईला जाऊन बहिणींना घेऊन आलो असतो. तो विचारतो, “सर, घर में वाय-फाय तो होगा?” म्हटलं, “आमच्याकडं फोन ठेवल्यावर इंटरनेट लागतं आणि फोन उचलल्यावर जातं.” त्यानं डबी हळूच आत ठेवली.

मग आमच्याच सेक्टरच्या मार्केटमध्ये, मोबाइलच्या गल्लीत. इथला दुकानदार म्हणजे पगडी, पोट आणि विश्वास. त्यानं आधी दोन डब्यांची एक जोडी दाखवली, एक कॉम्प्युटरला, एक स्टिरिओला. स्वस्त होती. लावून दाखवली तर आतून गाणं येईना, एक बाई गॅसचा नंबर लावताना ऐकू यायला लागली. शेजारच्या कुणाचा तरी बिनतारी फोन त्यात घुसला होता. दुकानदारानं ती तिथंच बंद केली. “ये आपके लिए नहीं है जी. ये तो जासूसों के लिए है.”

शेवटी त्यानं खालच्या खणातून एक चिमुकली वस्तू काढली. एफएम ट्रान्समीटर. लोक गाडीत लावतात. एका बाजूनं गाणं आत द्यायचं, ती छोट्या रेडिओ स्टेशनसारखी ते हवेत सोडते, आणि जवळचा कुठलाही रेडिओ ते पकडतो. दोन पेन्सिल सेलवर चालते. माझे डोळे चमकले. आमचा रेडिओ तर ठणठणीत होता!

भाव करायला मी त्याच्याच आवाजात सुरू झालो. तसंच पोट पुढं, तसंच ‘ओ जी, तुस्सी वी कमाल करदे ओ.’ गल्लीतली चार पोरं जमली. दुकानदार हसून हसून गल्ल्यावर रेलला. “पुत्तर, लुधियाने का है?”

“मंगळवेढा.”

“अच्छा,” तो विचार करून म्हणाला, “वो मोगे की तरफ़?”

मी होच म्हटलं. मोग्याकडच्या माणसाला त्यानं भाव बरा लावला.

घरी लावलं तर आवाज जिन्याच्या चौथ्या पायरीपर्यंत आला आणि तिथं बसला. परत दुकानात. दुकानदारानं त्याला एक लांब वायर डाग देऊन जोडली. “इसको ऊपर टाँग दो. पूरी कोठी में बजेगा.” मी ती वायर बाल्कनीतून, लेंग्यांच्या दोरीवरून फिरवली. रेडिओवर मोठ्या स्टेशनच्या अगदी शेजारची एक रिकामी जागा शोधली. आणि खाली हॉलमध्ये वाईच्या बहिणी एकदम गायला लागल्या! मामी हातातलं पीठ तसंच घेऊन बाहेर आल्या आणि हिरव्या दिव्यांसमोर उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “थोरल्या ताईचा आवाज जरा वाढव.” म्हटलं, “मामी, ताईला वेगळं बटण नाही.”

पूरी कोठी, म्हणजे सगळं घर, म्हणाला होता तो. कोठीच्या पलीकडं काय, हे मी त्याला विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही.

आणखी एक शोध लागला. कॉम्प्युटरला चॅटिंगसाठी एक माइक होता. त्यात बोललं की तेही थेट खाली स्टिरिओतून यायचं. मामा ऑफिसात होते. मी वरून मामांच्या आवाजात म्हणालो, “अगं, माझा चष्मा बघितलास का?” स्वयंपाकघरातून लगेच उत्तर आलं, “टीव्हीवर आहे!” आणि मग दोन सेकंदांनी, “मेल्या!”

त्या दिवसापासून आठवडाभर मी गाणी लावून लावून बघत होतो. वाईची प्रत्येक बहीण मला पाठ झाली. थोरली नाकातून आणि ठाम, मधली श्वास विसरणारी, धाकटी वरच्या पट्टीत जाऊन तिथंच अडकणारी.

मंगळवार उजाडला. सकाळी पूजा झाली. हॉलमधला सोफा मामांनी आणि मी बाहेर काढला, आणि मामींनी पुरुषांना घराबाहेर काढलं. मामा शेजारच्या अंकलच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले. शेजारी म्हणजे एक पंजाबी जोडपं, दोघं निवृत्त, दिवसभर रेडिओ चालू. माझ्याबद्दल जरा चर्चा झाली, पण मामींनी निकाल दिला, “तो पुरुष नाही, तो टेक्निशियन आहे. पण वरच बसायचं. जिन्यावर पाय दिसला तर तोडीन.” मधे जिन्यात निरोप्या म्हणून मामांची मुलगी.

सासूबाई उशिरा आल्या. रिक्षावाल्यानं त्यांना बावीस म्हणून तेविसात फिरवलं होतं. इथले सगळे चौक सारखेच गोल, त्यात पुण्याच्या माणसाला तर कुठलाच रस्ता सरळ असल्याची सवय नाही. घामाघूम होऊन त्या खुर्चीत बसल्या आणि मंडळाच्या अध्यक्ष काकूंनी तेवढ्यात तेल ओतलं, “आमच्याकडं काय, मशीनची मंगळागौर असते.” काकू मूळच्या साताऱ्याच्या. त्यांचं आणि मामींचं वाई-सातारा कायम चालायचं.

“मशीनची?” सासूबाई म्हणाल्या. “बरं. बघू.”

मी वर बटण दाबलं. सुरुवात झकास झाली. खालून टाळ्या, पैंजण, सुपं, लाट्या, सगळं वर ऐकू येत होतं. मामांची मुलगी जिन्यातून अंगठा दाखवत होती. सासूबाई काय करताहेत विचारलं तर म्हणाली, “बैठी हैं. हाथ बाँध के.”

मग जोराची फुगडी लागली आणि नेमकं तिथं, कडव्याच्या मधोमध, कॉम्प्युटर गोठला. पडद्यावर ते वाळूचं घड्याळ. गाणं गप्प. खाली फिरणाऱ्या बायांचे पाय दोन फेऱ्या चालले आणि थांबले.

“भैया! रुक गया!”

बंद करून चालू करायचा म्हणजे चहा होऊन कप विसळून होतील एवढा वेळ. मी उगाच बटणं बडवत होतो. आणि खालून सासूबाईंचा आवाज, अगदी निवांत, “हेच म्हणत होते मी.”

 

मी माइक ओढला. एकच विचार होता, कॉम्प्युटर मेलाय, पण माइकचा आवाज त्याच्या डोक्यातून न जाता सरळ बाहेर पडतो, तो जिवंत आहे. नाक दाबलं आणि वाईच्या थोरल्या ताईच्या आवाजात पुढची ओळ उचलली. मग धाकटीच्या आवाजात उंच. मधे मधलीचा श्वास पण घेतला. खाली एक पाय आपटला. मग दुसरा. मग सगळे! फुगडी परत सुरू! मी खुर्चीत बसल्या बसल्या घामानं भिजलो होतो आणि तीन बायका झालो होतो.

कडवं संपलं. आणि पुढचं आठवेना. आठवडाभर ऐकलेलं, पण डोक्यात पांढरा पडदा. खाली फुगडी भरात, थांबणं शक्य नाही. मग तोंडात आलं ते म्हटलं, थोरल्या ताईच्याच नाकातून:

“पुण्याहून आल्या सासूबाई, रिक्षा फिरे गोल गं,
ह्या चौकाचा त्या चौकाशी लागेना की मेळ गं!
बाविसाला निघाल्या त्या, पोचल्या तेविसाला,
सून म्हणे, बरं झालं, वेळ मिळाला चहाला!”

फुगडी थांबली. एकदम.

मग अध्यक्ष काकूंचा आवाज, स्वच्छ, कोर्टातल्यासारखा: “वाईच्या बायकांना तेविसावा सेक्टर कुणी सांगितला हो?”

कुणीतरी फिस्सकन हसलं. आणि मग एक खणखणीत, पोटातून आलेलं हसू, थांबेचना. मामांची मुलगी जिन्यावरून वाकून बघत होती, ती माझ्याकडं वळली, डोळे एवढे मोठे. “भैया, सासू जी हँस रही हैं!”

सासूबाई खुर्चीतून उठल्या होत्या. “कोण आहे वर? त्याला सांगा, अजून म्हण. आणि चहात आलं घालायला विसरली होती ती, ते पण घाल गाण्यात.”

झालं. माकडाला कोलीत. मी आल्याचं कडवं म्हटलं. अध्यक्ष काकूंचं वार्षिक भाषण म्हटलं, चालीवर. मामा फोनवर साहेबांशी बोलताना कसे खुर्चीतून अर्धे उठतात, ‘हो सर, नाही सर, तुम्ही म्हणाल तर हो सर’, त्याचा झिम्मा केला. खाली बायका भिंतीला टेकून हसत होत्या.

तेवढ्यात दारातून शेजारची आंटी आत आली, ओढणी कमरेला, हातात ढोलकी. “ये हमारी रसोई के रेडियो पे कौन गा रही है? मैं तो रोटी छोड़ के आई हूँ!” तिचा सावन आमच्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधीच सुरू झालेला, गिद्धा नाचून नाचून पाय तयार. तिनं ढोलकी नागपूरच्या बाईकडं दिली आणि सासूबाईंचे हात धरले. पुण्याची फुगडी आणि पंजाबचा गिद्धा हॉलच्या मधोमध गरगरायला लागले, आणि चाल कुणाची हे कुणी विचारलं नाही. कॉम्प्युटर केव्हाच आपोआप शुद्धीवर आला होता. मी बहिणींना हळूच लावून दिलं, खाली पत्ताही लागला नाही.

निघताना सासूबाई सुनेच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, ते मी जिन्याच्या वळणावरून ऐकलं. “राहा तू इथंच. पुण्यात मी आणखी दहा वर्षं चुकले तरी माझ्यावर कोणी गाणं करणार नाही.” नवरीनं मान खाली घातली आणि मग जिन्याकडं बघून, कुणाला दिसणार नाही असं, नाक दाबून दाखवलं.

आंटीच्या रसोईतला रेडिओ म्हटल्यावर खरं तर मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. अंकलच्या व्हरांड्यात दुसरा रेडिओ होता. आणि त्या रेडिओशेजारी मामा.

मामा सरळ वर आले. लाल. “हो सर, नाही सर काय? अंकल खुर्चीवरून पडायचे राहिले! समोरच्या धोब्याकडं पण तेच स्टेशन! इस्त्री थांबवून ऐकत होता तो! मला रोज त्या गल्लीतनं ऑफिसला जायचंय!” त्यांनी बाल्कनीतली वायर ओढून काढली, तिच्याबरोबर एक लेंगाही आला, तो पण माझ्याच अंगावर फेकला. “कोर्स करायला पाठवलंय का स्टेशन काढायला?”

मग मामी वर आल्या. मला वाटलं आता पाठीवर हात पडणार, पडला, पण धपाटा होता.

“थोरल्या ताईला एवढी बेसूर केलीस? तिचं नाक चोंदलेलं होतं त्या दिवशी, म्हणून तसा आवाज आहे तो! आणि आता काय करू मी? पुढच्या मंगळवारी लातूरच्या पोरीची आहे, सगळ्यांना ते सेक्टरचं कडवं पाहिजे! सासूबाई लिहून मागताहेत पुण्याला न्यायला, वाईचं पारंपरिक म्हणून! काय सांगू माहेरी? आणि काय रे,” मामींनी कमरेवर हात ठेवले, “सासूबाई झाल्या, काकू झाल्या, हे झाले, त्या धोब्यापर्यंत सगळ्यांची करमणूक झाली. मी राबराब राबले आठ दिवस, माझ्यावर एक ओळ नाही? मी काय कुणीच नाही का या घरात?”